मालीशवाल्या मावशी: सोळा सकाळींचा अनुभव

माझी मुलगी आज एकतीस दिवसांची झाली. तेराव्या दिवसापासून आमच्याकडे बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला मावशी येतात. दोन खाडे वजा केले तर कालपर्यंत सोळा सकाळी झाल्या. चाळिसाव्या दिवसापर्यंत त्या येणार आहेत, पण तोपर्यंत थांबले तर अर्धं विसरून जाईन म्हणून आजच लिहायला बसले आहे. मुलगी शेजारी झोपली आहे, साधारण दोन तास मिळतील.

सातवा महिना लागल्यापासून मीही सगळ्यांना विचारत होते, "साताऱ्यात कुणी चांगली मालीशवाली आहे का?" उत्तरात एक फोन नंबर यायचा आणि "छान करतात" एवढे दोनच शब्द. छान म्हणजे नेमकं काय, त्यांना काय करू द्यायचं आणि कशाला ठाम नाही म्हणायचं, हे मला कुणीच सांगितलं नाही. ते आधी कळलं असतं तर माझ्या मुलीचे दोन दिवस वाचले असते. मावशींचं नाव-गाव इथे लिहीत नाही. त्या एका वेळी तीनच घरं घेतात आणि अनोळखी लोकांचे फोन त्यांना नको आहेत.

आधी व्यवहार. दोघींचे मिळून रोजचे ५०० रुपये, नुसत्या बाळाचे ३००. तेल, टॉवेल, डाळीचं पीठ आपलं. शेवटच्या दिवशी ओटी आणि साडी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ते मला आवडलं, कारण मागाहून रुसवे-फुगवे नकोत. वेळ सकाळी साडेआठची ठरली होती. ती त्यांनी सोळापैकी जेमतेम सहा-सात दिवस पाळली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांच्या घरी महालक्ष्मीचं घट मांडणं असतं, तेव्हा दहा वाजायचे. त्याचं मला काही नाही, त्यांनी आधी सांगितलेलं असायचं. पण इतर दिवशीही साडेनऊ व्हायचे आणि तेवढ्यात मुलगी भुकेली व्हायची. पोट भरल्यावर लगेच मालीश करायची नाही, उपाशी बाळ मालीश करू देत नाही, मग सगळी सकाळ पुढे सरकायची. पाच आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या घरात एक तासाचा उशीर फार मोठा असतो. हे मी मावशींना दोनदा सांगितलं. सुधारणा झाली, पण अर्धीच.

आता त्यांच्या आधी काय झालं ते. माझं सिझेरियन झालं, मुलगी दोन किलो आठशे ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून दीड दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि मी काचेच्या या बाजूला. त्यावर जास्त लिहिणार नाही. पाचव्या दिवशी घरी आलो, त्या संध्याकाळी आईने पाचवी पुजली, पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं सटवाईला लिहायला. नवव्या दिवशी नाळ वाळून पडली. तोवर डॉक्टरांनी फक्त ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं होतं, म्हणून दहाव्या दिवसापासून मालीश-आंघोळीला बाई लावायची ठरलं. एका सेवा पुरवणाऱ्या संस्थेत आम्ही आधीच पैसे भरले होते, त्यांनी एक बाई पाठवल्या.

त्या दिवसांत मुलीची छाती दोन्ही बाजूंनी सुपारीएवढी सुजली होती. मला ते कपडे बदलताना दिसलं होतं, पण दिवसभराच्या गडबडीत कुणाला विचारायचं राहून गेलं. त्या बाईंनी तेल लावता लावता अंगठा आणि बोटात धरून ती दाबायला सुरुवात केली. "यातलं दूध पिळून काढावं लागतं, नाही तर पुढं मुलीला त्रास होतो." मुलगी किंचाळली. पहिल्या दिवशी मी गप्प बसले. हे लिहिताना अजून घशाशी येतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत हात नेला, आणि नाकात तेलाचे थेंब सोडायला वाटीत बोट बुडवलं, तेव्हा मी मुलगी त्यांच्या पायावरून उचलून घेतली आणि त्यांना थांबवलं. त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की आईच्या शरीरातली संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, छाती सुजू शकते, थेंबभर दूधही येऊ शकतं. काही आठवड्यांत ते आपोआप उतरतं. दाबलं तर जंतुसंसर्ग होऊन पू धरू शकतो. नाकात घातलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथे सूज येऊ शकते. संस्थेला फोन केला तर म्हणाले, "सगळ्याच असं करतात, मॅडम." मुलीला काही झालं नाही, सूज आता उतरली आहे. पण तुमच्या घरी कुणीही, कितीही वर्षांच्या अनुभवाची बाई असली तरी, बाळाची छाती दाबायला लागली तर पहिल्याच दिवशी बोला. माझ्यासारखी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

या मावशी आल्या त्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. आईच्या भिशीतल्या एका काकूंनी पाठवल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, गेली सव्वीस वर्षं हेच काम. मी आधीच एक कागद लिहून ठेवला होता: छाती दाबायची नाही, नाकात-कानात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही, टाळूवर वेखंडाची पूड नाही, धुरी नाही, नाक ओढायचं नाही. आई म्हणाली, "अगं, आल्या आल्या कागद काय वाचतेस, त्यांना राग येईल." मी वाचलाच. मावशींनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची लेक, तुमचं म्हननं. पन का न्हाय ते येकदा सांगा ताई, म्हंजी मी फुडल्या घरी बी सांगीन."

मी एकेक कारण सांगितलं. काजळात शिसं असू शकतं आणि डोळ्याला जंतुसंसर्ग होतो, पूड श्वासात जाते, धुराने बाळाची छाती भरते आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायूने जीवही जाऊ शकतो. धुरीवर त्यांचं माझं जमलं नाही. ओवा, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकल्याशिवाय बाळंतिणीचं अंग सुकत नाही, असं त्या आजही म्हणतात. पण केली नाही. माझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी आणि बाळाला दोन कपडे जास्त, यावर मिटलं. मला या मावशींबद्दल पहिला विश्वास वाटला तो या संभाषणामुळे. त्यांच्या हाताचं कसब मी नंतर पाहिलं.

ते कसब असं. आल्यावर बांगड्या काढून ओट्यावर ठेवतात, नखं मला दाखवतात (हे मी सांगितलेलं नव्हतं), साबणाने कोपरापर्यंत हात धुतात आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासत बसतात, गरम होईपर्यंत. डिसेंबरातला सातारा, आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा सकाळी नऊ वाजेपर्यंत धुक्यातच असतो, थंड हात लागला की मुलगी दोन्ही हात झटकन फाकवून दचकते. मावशींच्या हाताला एकदाही दचकली नाही. खोबरेल तेल, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. आईने मोहरीचं आणून ठेवलं होतं, ते डॉक्टरांनी नवजात बाळाच्या कातडीला नको म्हटलं.

पायापासून सुरुवात. तळपाय, मग पोटऱ्या, मांड्या वरच्या दिशेने. हात खांद्यापासून मनगटापर्यंत. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तळवा, अगदी हलका, आणि मग दोन्ही गुडघे पोटाशी आणून सोडायचे. या वेळी मुलीला गॅस सुटतो, रोज, आणि मावशी रोज तेवढ्याच आनंदाने "झालं गं बाय, मोकळी झालीस" म्हणतात. पाठीसाठी तिला लांब केलेल्या पायांवर पालथी घेतात. टाळूवर तेल चोळत नाहीत, नुसतं बोटाने टेकवतात. तिथली धडधड मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली. त्या म्हणतात रोज तेल घातल्याने टाळू भरते. डॉक्टर म्हणतात दीडेक वर्षात ती आपली आपणच भरते, तेल घाला अगर नका घालू. मला हा वाद महत्त्वाचा वाटला नाही, कारण मावशींचं बोट फुलासारखं पडतं.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी मुलीचा डावा दंड माझ्यापुढे धरला. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजी लशीच्या जागी लालसर पुळी उठली होती. मी घाबरले. "ही लशीची हाय. हिला तेल न्हाय, साबन न्हाय, हात न्हाय," असं म्हणून त्यांनी तो दंड तेवढा सोडून मालीश केली. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं, ती पुळी येणं अपेक्षितच असतं. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

आंघोळीत मात्र पहिल्या दिवशी गडबड झाली. आमच्याकडे माहेरी अजून तांब्याचा बंब आहे, पाणी भरपूर आणि कढत. मावशी पाटावर बसल्या, मुलगी पायांवर, आई पाणी घालायला. पाणी कोपराने बघितलं, ते ठीक होतं. पण डाळीचं पीठ आणि साय चोळण्यात, पुन्हा धुण्यात, पुन्हा पाणी घालण्यात वीस मिनिटं गेली. न्हाणीघराचं वरचं झरोकं उघडं होतं. टॉवेलात घेतली तेव्हा तिचे तळहात-तळपाय गार पडले होते आणि ओठांभोवती निळसर झाक होती. मी तिला उघड्या छातीशी धरून वर रजई घेतली. दहा मिनिटांनी रंग परत आला. दुसऱ्या दिवसापासून झरोक्याला पुठ्ठा, आंघोळ पाच-सात मिनिटांत, पीठ बंद (तिच्या मानेवर पुरळ उठलं होतं), साबण एक दिवसाआड. मावशींनी ऐकलं, पण पीठ बंद केल्याचं त्यांना आजही पटलेलं नाही, "लव कशी जायाची मग?" असं विचारतात. ती लव आपोआप जाते. हिच्या खांद्यावरची आत्ताच जवळजवळ गेली आहे.

आंघोळीनंतर कुंची, दुपट्यात घट्ट नाही पण नीट गुंडाळणं, माझ्याजवळ दूध, आणि मग झोप. अडीच तास. दिवसभरातली तिची सर्वांत लांब झोप ही. मालिशीने हाडं मजबूत होतात, रंग उजळतो, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही, तसं मला दिसलेलं नाही. अडीच तासांची झोप मात्र मी रोज घड्याळात मोजली आहे.

ती झोपली की माझी पाळी.

इथे मला थोडं सावकाश लिहायचं आहे, कारण ही सेवा घेताना मी बाळासाठीच घेत होते. माझी मालीश हा आईचा हट्ट होता, मी तर रोजचे दोनशे रुपये वाचवू म्हणत होते. डॉक्टरांनी टाके बघून हात, पाय, पाठ, खांदे यांना परवानगी दिली, पोटाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पालथं झोपता येत नव्हतं, म्हणून मावशींनी मला कुशीवर घेतलं, पोटाखाली एक उशी, दोन गुडघ्यांत एक. तिळाचं तेल, तेही गरम. त्यांच्या तळव्यांना भेगा आहेत, त्या पाठीवरून जाताना जाणवतात. कमरेच्या थोडं वर, जिथे भुलीची सुई टोचली होती तिथे, त्यांनी नुसता तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "सोड की. कुनाला धरून बसलीयास?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तेरा दिवस खांदे कानांपर्यंत उचलून जगत होते. त्या तेरा दिवसांत मला पुष्कळ हात लागले होते. रक्तदाब बघणारा, टाके बघणारा, सलाईनची सुई शोधणारा, दूध येतंय का म्हणून दाबून बघणारा. मला बरं वाटावं म्हणून लागलेला हा पहिला हात. मी रडले. मावशींनी विचारलं नाही की का रडतेस. त्यांनी पदराने माझं नाक पुसलं आणि दुसऱ्या खांद्याकडे वळल्या. पहिल्या दिवशी मी "ताई" होते, दुसऱ्या दिवसापासून "पोरी" झाले.

मालीश झाली की निर्गुडीचा पाला घालून उकळलेल्या पाण्याने आंघोळ, टाक्यांची जागा कोरडी टिपणं, डोक्याला रुमाल, आणि जुन्या सुती लुगड्याची पट्टी कमरेला. ती सैल बांधा म्हणून मला रोज सांगावं लागतं. त्यांच्या मते घट्ट बांधलं तरच पोट आत जातं, माझे टाके घट्ट पट्टीने दुखतात. रोजची ओढाताण, पण त्या ऐकतात.

आता ज्यासाठी मी गुण कापते आहे ते. मावशी दुधाबद्दल जे सांगतात ते घेऊ नका.

पंधराव्या दिवशी मुलीचं वजन दोन किलो सातशे चाळीस भरलं. घरी आली तेव्हा दोन किलो सहाशेच्या आत होती. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवं, ते आलं नव्हतं. मावशींनी तिला हातावर तोलून आदल्या दिवशीच म्हटलं होतं, "लेकराचं आंग भरंना. दूध पुरंना पोरी तुजं. गाईचं दूध पानी घालून वाटी-चमच्यानं पाज." ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. बाळ उपाशी आहे आणि ते माझ्यामुळे, हा विचार मला रात्रभर खात होता. सासूबाईही फोनवर हळूच म्हणाल्या, "पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवायचा का?"

मावशींची नजर चुकली नव्हती, वजन खरोखर कमी होतं. उपाय चुकला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्यांनी मला "इथेच पाजा, मी बघते" म्हटलं. पंचवीस मिनिटं त्या माझ्यासमोर स्टुलावर बसून होत्या. मुलगी फक्त स्तनाग्र चोखत होती. म्हणून मला भेगा पडल्या होत्या आणि म्हणून तिला दूध कमी मिळत होतं. त्यांनी तिला आडवी, पोट माझ्या पोटाला टेकवून, कान-खांदा-कंबर एका ओळीत अशी धरायला शिकवलं. तोंड जांभईएवढं मोठं उघडलं की पटकन तिला स्तनाकडे आणायचं, आपण तिच्याकडे वाकायचं नाही. हनुवटी टेकली पाहिजे, आणि गडद भागही तोंडात गेला पाहिजे, वरचा कमी, खालचा जास्त. तिसऱ्या प्रयत्नाला गिळण्याचा आवाज आला. क्क, क्क. दोन आठवड्यांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता, आणि ऐकायचा असतो हे मला माहीत नव्हतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं आणि दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, हे दोन आकडे त्यांनी केस पेपरच्या मागे लिहून दिले. कागद आमच्या फ्रिजवर आहे.

बाविसाव्या दिवशी दोन किलो नऊशे तीस. काल तीन किलो एकशे साठ. फक्त माझ्या दुधावर, पाण्याचा थेंबही वरून नाही. सहा महिने तेवढंच द्यायचं आहे. गाईचं दूध नाही, मध नाही, गुटीही नाही. गुटीची सहाण आजीच्या काळापासून घरात आहे, मुरडशेंग-हळकुंड उगाळून द्यायची आईला फार हौस होती. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर तिने सहाण धुऊन परत फडताळात ठेवली आणि एक शब्द बोलली नाही. तो तिचा मोठेपणा मला इथे लिहून ठेवायचा आहे.

आणखी एक सल्ला मी टाळला. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, असं मावशींचं म्हणणं. मला पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो, मी तांब्या शेजारी ठेवते आणि तहान लागेल तितकं पिते. खाण्यात मात्र आई आणि मावशी एक झाल्या आणि मी आडवी आले नाही: बाजरीची भाकरी, शेपू, लसणाची चटणी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू. हे सगळं मला आवडतं, म्हणून खाते.

अठराव्या दिवसाबद्दल लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं पुष्कळजणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ते ओसरतं, हे मी वाचलं होतं. माझं ओसरत नव्हतं. वजन वाढायला लागलं तरी संध्याकाळचे सहा वाजले की पोटात गोळा यायचा, आता सगळी रात्र पुढे आहे म्हणून. मुलगी झोपली तरी मला झोप लागत नव्हती, तिचा श्वास चालू आहे ना हे बघत बसायचे. त्या सकाळी मावशी पाय चोळत होत्या आणि मी काहीच बोलत नव्हते. त्यांनी मधेच हात थांबवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली, "वैनी, पोरगी रातीची झोपंना. बाळाचं नंतर बगू. हिला आज दाक्तरकडं न्या."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला वाटत होतं मी दमले आहे. नवरा पुण्याहून शनिवारी येतो आणि रविवारी रात्री जातो, त्याच्यासमोर मी नीट असायचे. माझ्या पायांवरून, माझ्या गप्प बसण्यावरून मावशींना कळलं, रोज सकाळी तासभर त्या माझ्याजवळ असतात म्हणून. डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, शांतपणे बोलल्या, औषधाची आत्ता गरज नाही पण झोपेची आहे म्हणाल्या आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं म्हणून. रात्री नऊ ते एक मुलगी आईकडे, फक्त पाजायला माझ्याकडे, अशी वाटणी झाली. शनिवारची रात्र पूर्ण नवऱ्याकडे. दुसऱ्या भेटीत माझे आकडे चांगले आले. संध्याकाळचा गोळा अजून कधी कधी येतो, पण आता तो आला की मी आईला सांगते.

मावशींना मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "माज्या थोरल्या लेकीला असंच झालतं. तवा मला कळलं न्हवतं."

तर कुणी घ्यावी ही सेवा? घरात दुसरं कुणी तुमच्याकडे बघायला नसेल, तर बाळाची नाही घेतली तरी स्वतःची घ्या. बाळाला तेल तुम्ही स्वतःही लावू शकता, पाठीला तुमचा हात पोचत नाही. टाके असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मावशी घरी आल्यावर पहिले तीन दिवस तरी तिथेच बसा, खोलीबाहेर जाऊ नका. तुमचा कागद वाचून दाखवा, आणि ज्या "का?" विचारतात त्यांना ठेवा. माझ्याकडून या मावशींच्या हाताला पाचपैकी पाच, वेळेला दोन, आंघोळीला आता चार, दुधाच्या सल्ल्याला शून्य. अठराव्या दिवसाला मी गुण देऊ शकत नाही.

आणखी नऊ दिवस. आईने काल साडीचा विषय काढला तर मावशी आधी नको नको म्हणाल्या, मग बांगड्या चढवता चढवता हळूच सांगितलं, मोरपंखी नऊवारी, काठ बारीक. परवा शनिवार आहे, नवरा आला की मुलगी त्याच्याकडे देऊन मी आणि आई मोती चौकात बघून येणार आहोत. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच दवाखान्याशिवाय दुसरीकडे कुठे जाणार आहे. ती उठली.